जुनी रेंज रोव्हर संग्राह्य ठरते आहे का?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये राहतो. 1970 साली आलेल्या पहिल्या पिढीच्या रेंज रोव्हरला आता खरोखरच संग्राह्य गाडीचा मान मिळू लागला आहे का?

उत्तर: निश्चितच, विशेषतः दोन दरवाजांच्या सुरुवातीच्या गाड्यांना, चार दरवाजांची 1981 मध्ये आली. खुद्द कंपनीनेच 2017 मध्ये जुन्या गाड्या पूर्ववत करून विकायला घेतल्या, यातच सारे आले.

दुसरे उत्तर: घेण्यापूर्वी मागचा गालिचा उचलून तळाचा पत्रा दाबून पाहाच. बाहेरचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमचे असल्याने गाडी चकचकीत दिसते, पण आतले पोलाद गंजलेले असू शकते. माझ्या गाडीचा पत्रा बोटाखाली बिस्किटासारखा चुरला, आणि तरीही त्या व्ही-8 इंजिनाचा संथ, खोल आवाज ऐकल्यावर ती विकवली नाही.