चाळीच्या कागदपत्रांसाठी फोल्डर करणारी बॅच फाइल : रिकाम्या रकान्यामुळे नावे सरकतात, मदत हवी आहे

नमस्कार. गिरगावातील आमची चाळ पुनर्विकासाला जाणार असल्याने रहिवाशांची जुनी कागदपत्रे स्कॅन करून खोलीनिहाय लावण्याचे काम आम्ही तिघांनी अंगावर घेतले आहे. एकूण ९६ खोल्या आहेत. प्रत्येक खोलीच्या फोल्डरमध्ये भाडेपावत्या, वीजबिले, शिधापत्रिका आणि वारसाचे कागद असे चार फोल्डर व टिपणांसाठी एक कोरी टेक्स्ट फाइल लागते. हे सगळे हाताने करणे जिवावर आल्यामुळे मी विंडोज १० वर एक बॅच फाइल (संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची साधी फाइल) लिहिली. एक्सेलमधील यादी सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) म्हणून जतन करायची, ‘फॉर’ आज्ञेने तिची एकेक ओळ वाचायची आणि ‘एमडी’ने फोल्डर करायचे, एवढेच ती करते. खोलीच्या वरचे मजल्याचे फोल्डरही ‘एमडी’ आपणहून करत असल्यामुळे सगळे काम काही क्षणांत उरकते.

अडचण अशी आहे की ते चुकीचे उरकते. यादीत मजला, खोली क्रमांक, मूळ भाडेकरू आणि सध्याचे रहिवासी असे चार रकाने आहेत. खोलीच्या फोल्डरला क्रमांक आणि मूळ भाडेकरूचे आडनाव, तर टिपणांच्या फाइलला सध्याच्या रहिवाशाचे आडनाव मिळायला हवे. खोली ३७ ची जुनी पावती अजून सापडलेली नसल्यामुळे तिथे मूळ भाडेकरूचा रकाना रिकामा आहे; पण फोल्डर तयार झाले ते ‘३७ सावंत’ या नावाने, आणि टिपणांची फाइल बिननावाची राहिली. सावंत कुटुंब त्या खोलीत पुष्कळ नंतर आले. पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या) खोलीत मूळ भाडेकरू कोण, यावर वारसांचे हक्क ठरतात, म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

याशिवाय पहिल्या मजल्याची दोन फोल्डर तयार झाली. दोन्हींची नावे अक्षर न् अक्षर सारखी दिसतात, मात्र एकात फक्त खोली १ आहे आणि बाकीच्या खोल्या दुसऱ्यात आहेत. देवनागरी अक्षरे यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत साठवता येतात, म्हणून बॅच फाइलच्या सुरुवातीला ती पद्धत निवडणारी ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा लिहिली आहे आणि यादी एक्सेलच्या ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या पर्यायाने जतन केली आहे. शेवटचे म्हणजे, यादीत दुरुस्ती करून बॅच फाइल पुन्हा चालवली तेव्हा दहा-बारा खोल्यांची लिहून झालेली टिपणे कोरी झाली. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

‘फॉर’ आज्ञा ओळीचे तुकडे पाडताना लागोपाठ आलेले दोन स्वल्पविराम एकच धरते, त्यामुळे रिकामा रकाना तिच्या लेखी अस्तित्वातच नसतो आणि पुढचे नाव मागे सरकते. तात्पुरता उपाय म्हणून एक्सेलमध्ये प्रत्येक रिकाम्या चौकटीत ‘माहिती नाही’ असे भरावे.

जुळ्या फोल्डरचे कारण डोळ्यांना दिसणारे नाही. एक्सेल त्या पर्यायात फाइलच्या अगदी आरंभी बीओएम नावाची अदृश्य खूण घालते, आणि ती पहिल्या ओळीतील मजल्याच्या नावाला चिकटते. यादी नोटपॅडमध्ये उघडून बीओएमविरहित यूटीएफ-८ म्हणून पुन्हा जतन केली की हा प्रश्न मिटेल. टिपणे पुसली गेली, कारण कोरी फाइल करताना आपण बहुधा एकच ‘मोठे आहे’ चिन्ह (>) वापरले असावे. ते चिन्ह आधीपासून असलेली फाइल रिकामी करते. दोन चिन्हे दिली असती तर मजकुराला धक्का लागला नसता.

तरीही माझे मत असे की हे काम बॅच फाइलमध्ये अडकवू नये. विंडोज १० मध्ये पॉवरशेल ५.१ ही आज्ञा लिहून कामे करून घेण्याची अधिक सक्षम सोय असतेच. तिची ‘इम्पोर्ट-सीएसव्ही’ आज्ञा रिकामे रकाने जागच्या जागी ठेवते आणि अवतरणातले स्वल्पविरामही नीट ओळखते. यादीच्या पहिल्या ओळीत रकान्यांची नावे मात्र हवीत. फोल्डरसाठी ‘न्यू-आयटम’ या नवे फोल्डर वा फाइल करणाऱ्या आज्ञेला ‘फोर्स’ हा पर्याय जोडावा, म्हणजे आधीचे फोल्डर असले तरी ती अडत नाही. फाइलसाठी मात्र ‘फोर्स’ मुळीच वापरू नये, कारण तिथे ते जुना मजकूर पुसते. आधी ‘टेस्ट-पाथ’ने फाइल आहे का ते पाहावे. स्क्रिप्टमध्येच देवनागरी मजकूर असेल तर ती बीओएमसह जतन करावी, नाहीतर ५.१ तो चुकीचा वाचते. पहिल्यांदा ‘व्हॉटइफ’ लावून चालवावी, म्हणजे काय तयार होणार ते फक्त पडद्यावर दिसते.

धागाकर्ता

मनापासून आभार. एकच चिन्ह होते, आपला अंदाज बरोबर निघाला. ‘व्हॉटइफ’ लावून पाहिले. खोली ३७ समोर आता ‘माहिती नाही’ येते आहे आणि सावंत आपल्या जागी आहेत. पुसलेली टिपणे तळमजल्यावरच्या आजोबांनी सांगितलेली होती, ती रविवारी त्यांच्याकडे बसून पुन्हा लिहून घेतो.