कादंबरी आधी सलग वाचू द्या, प्रश्न नंतर विचारा

पानखूण:
माझी मुलगी आठवीत आहे. वर्गात एक कादंबरी अडीच महिने चालू आहे आणि अजून निम्मीही झालेली नाही. प्रत्येक प्रकरण संपलं की कठीण शब्दांचे अर्थ, रिकाम्या जागा, 'नायकाचे तीन गुण लिहा'. परवा तिनं विचारलं, "पुढे काय होतं ते परीक्षेला आहे का?" पुढे काय होतं याची तिला स्वतःला उत्सुकताच उरलेली नाही, हे मला फार लागलं.

वाचनाच्या अभ्यासक लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९७८ साली वाचनाच्या दोन तऱ्हा सांगितल्या. एक, हवी ती माहिती काढून घेण्यासाठी. मुलाच्या पोटात विषारी द्रव गेल्यावर आई बाटलीवरचं लेबल वाचते तसं. दुसरी, वाचता वाचता ती गोष्ट स्वतः जगण्यासाठी. शाळेत कादंबरी लेबलासारखी वाचून घेतली जाते. माझं म्हणणं एवढंच: पहिले काही आठवडे वर्गात फक्त वाचन होऊ द्या, वह्या बंद ठेवून. पात्रचित्रण, मध्यवर्ती कल्पना वगैरे पुस्तक संपल्यावर.

तासिका:
अठरा वर्षं भाषा शिकवते आहे, आणि मला हे पटत नाही. मध्ये थांबलं नाही तर कोण कुठे हरवलं ते कळतच नाही. निवेदक म्हणजेच लेखक, असं या वयाची मुलं सर्रास धरून चालतात. निवेदक खोटं बोलत असेल तर? कथा मध्येच दहा वर्षं मागे गेली तर? एकदा मी न थांबता अर्धी कादंबरी वाचून दाखवली. नंतर कळलं, कित्येकांना आजोबा आणि नातू यांची एकच नावं असल्यानं ती एकच व्यक्ती वाटत होती. त्यांच्यासाठी ती कादंबरी झालीच नाही.

शाईचा डाग:
यावर एक अभ्यास आहे. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण इंग्लंडमधल्या २० शिक्षकांना १२ ते १३ वर्षांच्या मुलांबरोबर १२ आठवड्यांत दोन अख्ख्या, अवघड कादंबऱ्या नेहमीपेक्षा वेगानं वाचायला सांगितल्या. आकलनाच्या चाचणीत तेवढ्या काळात मुलांची सरासरी साडेआठ महिन्यांची प्रगती दिसली. वाचनात कच्च्या मुलांची तर १६ महिन्यांची! १० शिक्षकांना आकलन शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण दिलं होतं, त्यानं काही फरक पडला नाही. कच्च्या मुलांना आपण सोपे उतारे देतो आणि तेही रखडत शिकवतो. नेमकं उलट करायला हवं.

तासिका:
कच्च्या मुलांबद्दलचं बोलणं टोचलं, कारण संक्षिप्त आवृत्ती मीही देते. पण ते वाचन वर्गात, प्रत्येक तासाला, मोठ्यानं झालं होतं. तेवढे तास मला कोण देणार? व्याकरण, निबंध, पत्रलेखन, सगळं त्याच तासांत बसवायचं असतं.

कोरी वही:
मी पुस्तक दोन दिवसांत संपवून वर्गात कंटाळणारी मुलगी होते, तरी संथ वाचनाच्या बाजूनं बोलते. एका पानावर आई धाकट्या मुलाचं नाव न घेता नुसतं 'तो' म्हणते. मी ते पान घरी दोनदा वाचलं होतं, काही जाणवलं नव्हतं. बाईंनी अख्खा तास त्या एका 'तो'वर घालवला. नाव उच्चारलं तर रडू फुटेल म्हणून ती ते टाळते, हे त्या दिवशी कळलं. तो तास मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

पानखूण:
पण ते पान तुम्ही आधीच दोनदा वाचलं होतं! धाकट्याचं काय झालं हे माहीत होतं, म्हणूनच तो 'तो' तुम्हाला भिडला. बाईंचा तास मलाही हवाच आहे, फक्त त्याची जागा दुसऱ्या वाचनात आहे.

तासिका:
त्यांनी घरी वाचलं. जी मुलं घरी वाचत नाहीत त्यांचं पहिलं वाचन वर्गातच होणार, आणि त्यात मी थांबणारच: कोण कोणाचं, कथा कुठल्या काळात आहे, एवढ्यासाठी. लिहून घेणं मात्र थांबवायला तयार आहे. पुढच्या सत्रात एका तुकडीत करून बघते. पण प्रश्नपत्रिकेत 'नायकाचे गुण' आलेच, तर शेवटचे पंधरा दिवस तेच घोटून घ्यावं लागेल. तेव्हा पालकांनीही साथ द्यायला हवी, मार्क कमी पडले म्हणून भांडायला यायचं नाही.