प्रतिसाद : शोवा की सांके? आधी पर बघा

फोटोतली कोई शोवा की सांके, असं विचारलंय. कोई म्हणजे हौदात पाळतात तो रंगीत जपानी मासा, आणि शोवा नि सांके हे त्याचे लाल-पांढरे-काळे दोन प्रकार. ‘डोक्यावर काळं असलं की शोवा, नसलं की सांके’ हा वर कुणीतरी दिलेला नियम बहुतेक वेळा चालतो. पण किंदाई, म्हणजे नव्या धाटणीच्या, शोवात पांढरा इतका जास्त असतो की डोक्यावर काळ्याचा जेमतेम एखादा फराटा उरतो, आणि दुकानात तो बिनधास्त सांके म्हणून खपतो. त्यापेक्षा कल्ल्यामागचे दोन पर बघा. शोवाच्या परात काळा रंग मुळाशी गोळा झालेला असतो, जपानी लोक त्याला मोतोगुरो म्हणतात. सांकेच्या परात काळं असलंच तर नुसत्या रेघा. शिवाय सांकेचं काळं पाठीवरच ठिपक्याठिपक्यांनी असतं, शोवाचं पार पोटाकडे उतरतं.

आणि भावा, तुझा फोटो काचेतून, बाजूनं काढलाय. त्यावरून छातीठोकपणे कुणीच सांगू नये. कोई वरून बघायची. राजारामपुरीत आमच्या परड्यातल्या हौदातली मी निळ्या टबात घेऊन बघतो, निळ्यावर लाल डागाची कड लगेच कळते. पिल्लू असेल तर तर घाईच नको, शोवाचं काळं वयाबरोबर वर येत राहतं. पैसे मात्र शोवाचे सांगत असतील तर आधी मोतोगुरो दाखव म्हणावं.