युद्धविषयक माहितीपट वर्गात कसे वापरावेत? अनुभवी शिक्षकांची मदत हवी आहे

नमस्कार.

देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवते. दहावीच्या पाठ्यपुस्तकात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा पाठ आहे. तो नुसता वाचून घेण्यापेक्षा एखादे माध्यम मुलांसमोर प्रत्यक्ष ठेवावे, या विचाराने मी यंदा पहिल्या महायुद्धावरील एका माहितीपटाचा दहा मिनिटांचा भाग वर्गात दाखवला. त्या एका तासातून जे प्रश्न निघाले, ते माझ्या एकटीच्याने सुटत नाहीत, म्हणून हा धागा काढला आहे.

त्या भागात फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईचे चित्रण होते. सैनिक खंदकातून वर चढतात, त्यांपैकी एक जण काठावरच कोसळून खाली घसरतो आणि बाकीचे धुरात पुढे जातात. निवेदक सांगत होता की १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७ हजारांहून अधिक लोक जायबंदी झाले वा कामी आले आणि त्यांतील १९ हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. हे ऐकत असताना मुले मात्र हसत होती, कारण पडद्यावरची माणसे तुरुतुरु चालत होती. त्या काळचे कॅमेरे हाताने फिरवावे लागत, सेकंदाला साधारण सोळा चित्रे टिपली जात आणि तेच चित्रण पुढे चोवीसच्या वेगाने दाखवले की माणसे अशी धावल्यासारखी दिसतात, हे मी आधी सांगायला हवे होते. ती चूक माझीच.

हसणे थांबल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “बाई, शूटिंग करणारो खंय उभो होतो? तेका गोळी कशी नाय लागली?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. रात्री शोधाशोध केली तेव्हा कळले की हे दृश्य मॅलिन्स आणि मॅकडॉवेल या दोन चित्रणकारांनी टिपलेल्या १९१६ च्या ‘द बॅटल ऑफ द सोम’ या चित्रपटातले आहे आणि लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या अभ्यासकांच्या मते ते आघाडीच्या मागे, सरावाच्या ठिकाणी मुद्दाम घडवून आणलेले आहे. सैनिकांच्या पाठीवर पुरेसा बोजा नाही आणि कॅमेरा अशा उघड्या जागी आहे की खऱ्या हल्ल्यात तिथे कोणी टिकलाच नसता. म्हणजे मुलाची शंका अगदी रास्त होती. मात्र त्याच चित्रपटातील हॉथॉर्न रिज या टेकडीवरचा सुरुंगाचा स्फोट खरा आहे आणि जखमींना वाहून आणतानाची दृश्येही खरी आहेत.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळे वर्गात सांगितले आणि माझी खरी अडचण तिथेच सुरू झाली. अर्ध्या वर्गाने निष्कर्ष काढला की “म्हणजे सगळे खोटेच असते.” डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या मुलांना प्रश्न विचारायला शिकवावे म्हणून हा खटाटोप केला, तर ती थेट कशावरच विश्वास न ठेवण्यापर्यंत पोहोचली. शंका घ्यायची, पण पुराव्याचा हात सोडायचा नाही, हे पंधरा वर्षांच्या मुलांना कसे शिकवावे?

दुसरा प्रश्न आमच्या गावाशी जोडलेला आहे. गावात एका जुन्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात किती माणसे गेली आणि त्यांतील किती परतली नाहीत, एवढेच तिच्यावर इंग्रजीत कोरलेले आहे, नावे नाहीत. एका मुलीने विचारले की सोमच्या चित्रणात आपली माणसे का दिसत नाहीत. भारतीय पायदळाच्या तुकड्या १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हलवल्या गेल्या होत्या, तर मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होत्या, हे मी सांगितले. तिथल्या कूत या गावात ब्रिटिश-भारतीय सैन्याला तुर्कांचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरणागती पत्करावी लागली. त्या वेढ्यात १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. पण मला वर्गात दाखवता येईल असे वेढ्याच्या आतले चित्रण कुठेही सापडले नाही. जिथे चित्रणच नाही, तो इतिहास माहितीपटाच्या आधाराने कसा शिकवायचा?

याशिवाय तिघी-चौघी मुली घरी मोबाइलवर स्वतःहून असे माहितीपट पाहू लागल्या आहेत. त्यांना अडवायचे नाही, पण एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि वहीत काहीच उतरत नाही. त्यांच्या स्वयंअध्ययनाला वळण कसे लावावे? मृतदेहांची दृश्ये कोणत्या इयत्तेपासून दाखवावीत, याबद्दलही मत हवे आहे.

प्रतिसाद १

बाई, नमस्कार. मी रायगड जिल्ह्यात तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे.

“हे खरे की खोटे?” हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवावा आणि त्याऐवजी “हा कशाचा पुरावा आहे?” असे विचारावे. खंदकातले ते दृश्य हल्ल्याचा पुरावा नाही हे मान्य. परंतु ऑगस्ट १९१६ मध्ये, लढाई अजून चालू असताना, ब्रिटनमधल्या लोकांना काय दाखवणे सरकारला चालत होते, याचा तो पक्का पुरावा आहे. मी मुलांना न्यायालयाचे उदाहरण देत असे. साक्षीदार एका मुद्द्यावर खोटे बोलला म्हणून न्यायाधीश खटलाच गुंडाळत नाहीत. प्रत्येक साक्ष वेगळी तपासतात.

वर्गात दोनच मिनिटांचा तुकडा घ्यावा आणि पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद ठेवून दाखवावा. मुलांनी फक्त जे दिसले ते लिहावे. मग आवाजासह दाखवून, निवेदनातील कोणत्या वाक्याला चित्राचा आधार आहे आणि कोणत्या वाक्याला नाही, अशा खुणा करायला सांगावे. त्या काळच्या रणभूमीवरच्या चित्रणाला आवाजच नसे. आज आपण ऐकतो तो तोफांचा गडगडाट नंतर जोडलेला असतो, हे कळल्यावर मुले थक्क होतात. रंगांचेही तसेच. घरी पाहणाऱ्या मुलींनाही हीच सवय लावावी आणि एका आठवड्यात एकच भाग पाहावा.

कूतसाठी चित्रण शोधत बसू नये. युद्धात मृत झालेल्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर पलटणीनुसार शोध घेता येतो. इराकमधील बसराच्या युद्धस्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, साध्या भारतीय शिपायांची मात्र केवळ संख्या. तुमच्या गावच्या पाटीशेजारी हे ठेवून पाहावे. माझ्या विद्यार्थ्यांनी माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे यांच्यावर असेच काम केले होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर ते एकटे चालून गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. मुलांनी आधी सन्मानपत्र वाचले आणि मगच इटलीच्या मोहिमेवरचा माहितीपट पाहिला. त्यामुळे त्यात काय नाही, ते त्यांना आपोआप दिसले.

मृतदेहांची दृश्ये मी नववीच्या खाली दाखवत नसे. वरच्या वर्गांतही आधी कल्पना द्यावी आणि ज्याला पाहायचे नसेल त्याला बाहेर बसू द्यावे. प्रताधिकाराची काळजी नसावी. १९५७ च्या कायद्याच्या ५२व्या कलमात शाळेत, विद्यार्थी आणि शिक्षकांपुरते चित्रपट दाखवण्यास मुभा आहे.

धागाकर्तीचे उत्तर

सर, मनापासून आभार. शुक्रवारी तुमच्या पद्धतीने तास घेतला. ज्या मुलाने पहिला प्रश्न विचारला होता, त्याने वहीत लिहिले आहे: “माणूस पडतो हे दिसते. तो मेला हे निवेदक सांगतो.” हे वाक्य मी फळ्यावर तसेच ठेवले आहे.

शनिवारी मुलांनी पाटीवर बसलेला चुना पाण्याने भिजवून नारळाच्या सोडणाने हलकेच काढला आणि अक्षरे उतरवून घेतली. त्यानंतर एका मुलीने घरच्या ट्रंकेतले पणजोबांचे पदक आणून दाखवले. चांदी पार काळी पडली आहे, पण भिंगातून पाहिल्यावर कडेवर क्रमांक, नाव आणि ‘११० मराठा’ असे बारीक इंग्रजी ठसे वाचता आले. पणजोबा परत आले होते, त्यामुळे युद्धात मृत झालेल्यांच्या यादीत ते सापडणार नाहीत. त्या क्रमांकावरून त्यांच्या नोकरीची माहिती कुठे आणि कशी मागवावी, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया येथे लिहावे. ती मुलगी रोज विचारते आहे.