मदत हवी आहे: संमतीपत्रावर सही करायची भीती वाटत असेल तर?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी भाड्याच्या खोलीत किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्या एलजीबीटी मुलामुलींच्या मुलाखती घेते आहे. रूमवर सुरक्षित वाटतं का, झोप लागते का, घरमालकाला कळलं तर काय होतं, असे प्रश्न आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सज्ञानांचे संमतीचे संबंध कलम ३७७ खाली गुन्हा राहिले नाहीत. पण "महिनाअखेर खोली रिकामी कर" म्हणायला घरमालकाला कुठलंच कलम लागत नाही.

चार मुलाखती झाल्या, पाचवीला अडले. मुलगा वेळेवर आला (कोण, कुठला ते लिहीत नाही), संमतीपत्र वाचलं, पेन हातात घेतलं आणि विचारलं, "ताई, हा कागद तू ठेवणार कुठे?" मी सदाशिव पेठेत चौघींच्या खोलीत राहते. कपाटाला कुलूप नाही. त्याच्या घरी फक्त बहिणीला माहीत आहे. मी कागद परत घेतला, चहा पिऊन आम्ही उठलो. तेव्हापासून आधीच्या चार सह्या पिशवीत घेऊन फिरते आहे.

गाइड म्हणतात, सही नसेल तर नीतिसमिती (संशोधनाला मान्यता देणारी समिती) मान्य करणार नाही. काय करू? शिवाय बोलताना कोणी कोलमडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देते, पण नंबर देऊन निघून येणं बरोबर वाटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद: आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समितीच्या मान्यतेने तोंडी संमती चालते. वेगळा अर्ज कर आणि कारण सरळ लिही: या अभ्यासात सही हाच धोका आहे. आधीच्या सह्या विभागाच्या कुलूपबंद कपाटात ठेवायला गाइडना आजच सांग. आवाजही ओळखू येतो, म्हणून रेकॉर्डिंग उतरवून झालं की पुसायची परवानगी त्याच अर्जात माग. समुपदेशकाशी मुलाखतीआधीच बोलून ठेव. पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून एलजीबीटी लोकांसाठी काम करतो, तिथे विचार.

धागाकर्ती: मनापासून आभार. सह्या उद्या सकाळी विभागात देते, अर्ज आज रात्री लिहिते. समितीचं उत्तर येईपर्यंत त्या मुलाला फोन करणार नाही.