शोधपथक लगेच डोंगर पिंजून काढायला का निघत नाही?

प्रश्न

आमच्या परिचयातील एक गृहस्थ डोंगरावरून उतरताना धुक्यात सोबत्यांपासून वेगळे झाले आणि रात्रीपर्यंत परतले नाहीत. स्वयंसेवी शोधपथक वेळेत आले. परंतु पथकप्रमुखांनी आधी नकाशा पसरला आणि हरवलेल्या गृहस्थांच्या पत्नीला व सोबत्यांना बारीकसारीक प्रश्न विचारायला सुरुवात केली. बुटाच्या तळाची नक्षी कशी आहे, औषधे कोणती चालू आहेत, वाट चुकल्यावर ते थांबतात की पुढे रेटत राहतात, असे ते प्रश्न होते. नातेवाइकांना वर जाऊ दिले नाही. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी सुखरूप सापडले, त्यामुळे तक्रार मुळीच नाही. तरीही एकेक मिनिट मोलाचे असताना हा वेळ का दिला जातो, हे जाणत्यांकडून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

मी अशा पथकात स्वयंसेवक आहे. पहिली गोष्ट म्हणजे, ही चौकशी चालू असतानाच दोघातिघांची एक चपळ तुकडी बहुधा निघून गेलेली असते. ती मुख्य पायवाट, वाटांचे फाटे, निवारे आणि कड्यांचा पायथा झपाट्याने पाहून येते. काही जण डोंगरातून बाहेर पडणाऱ्या वाटांवर थांबतात, म्हणजे हरवलेली व्यक्ती स्वतःहून खाली आली तर नजरेतून निसटू नये.

उरलेल्यांनी आधी विचार का करायचा, हे साध्या हिशेबावरून कळेल. ताशी 3 किलोमीटर वेगाने 3 तास चालणारा माणूस शेवटच्या दिसलेल्या जागेपासून 9 किलोमीटरपर्यंत कोठेही असू शकतो आणि त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ 250 चौरस किलोमीटरच्या वर जाते. एवढा डोंगर एका रात्रीत कोणतेही पथक पिंजून काढू शकत नाही. म्हणून त्याचे भाग पाडावे लागतात आणि माणूस कोणत्या भागात असण्याची शक्यता अधिक आहे हे ठरवावे लागते. ती शक्यता माणसागणिक बदलते. रॉबर्ट कोस्टर या अमेरिकी अभ्यासकाने जगभरातील शोधमोहिमांच्या नोंदी एकत्र करून दाखवले आहे की लहान मूल, स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध व्यक्ती आणि सराईत गिर्यारोहक हे हरवल्यावर निरनिराळ्या तऱ्हेने वागतात. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण अनेकदा झुडपात किंवा ओढ्यात अडकेपर्यंत चालत राहतो आणि हाकेला ओ देत नाही. लहान मुले आडोसा शोधून झोपी जातात, तर कधी अनोळखी आवाजाला घाबरून लपून बसतात. जर्मनीतील संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की सूर्य-चंद्र दिसत नसतील तर माणूस सरळ चालतोय असे समजून नकळत गोल फिरतो. त्यामुळे धुक्यात चुकलेला माणूस वाटतो तितका लांब गेलेला नसतो. पत्नीला विचारलेला प्रत्येक प्रश्न या अंदाजाला धार लावतो.

बुटाचा प्रश्न तर अत्यंत महत्त्वाचा. माणूस एकच असतो, पण त्याच्या खुणा शेकडो असतात. ओल्या मातीतला ठसा, मोडलेली काटकी, चॉकलेटचे वेष्टन, यांपैकी एखादी खूण त्याचीच आहे अशी खात्री पटली, तर शोधाचे सगळे क्षेत्र तिच्याभोवती नव्याने आखता येते. म्हणूनच आमच्याकडे नव्या स्वयंसेवकाला ठरावीक पावलांनंतर मागे वळून पाहण्याची सवय आधी लावतात, कारण दगडाच्या खालच्या अंगाला बसलेला माणूस वर चढताना दिसतो, पण उतरताना तोच दगड त्याला झाकून टाकतो.

प्रतिसाद २

नातेवाइकांना थांबवण्याची कारणे मी सांगतो. मी श्वानासह शोध घेतो. माग काढणाऱ्या कुत्र्याला हरवलेल्या व्यक्तीचाच गंध असलेली वस्तू लागते, उदाहरणार्थ इतर कोणी न हाताळलेली उशीची खोळ. वाटेवर दहा आप्त फिरून आले की ठसे तुडवले जातात आणि मागही गोंधळतो. काही कुत्री मात्र जमिनीवरचा माग न घेता वाऱ्यावरून येणारा माणसाचा गंध पकडतात. त्यांना आम्ही वाऱ्याला आडवे नेतो. रात्रीची गार, दमट हवा त्यांच्या कामाला पुष्कळदा अनुकूल ठरते, त्यामुळे अंधारात शोध थांबवलाच पाहिजे असे नाही.

शिवाय घरच्या माणसाकडे जी माहिती असते ती इतर कोणाकडेही नसते, आणि ती मध्यरात्री पुन्हा लागू शकते. त्या वेळी ते कड्यावर कोठेतरी फिरत असतील, तर आणखी एकाला शोधण्याची पाळी येते. एक कारण उघडपणे बोलले जात नाही, पण ते खरे आहे: शोधाचा शेवट वाईट झाला, तर ते दृश्य प्रथम पत्नीने किंवा मुलाने पाहू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहिली. एकदा शोधलेल्या भागात पथक पहाटे पुन्हा गेले होते. पहिल्या वेळी काम नीट झाले नव्हते, असा याचा अर्थ घ्यावा का?

प्रतिसाद १

नाही. शोधलेला भाग रिकामा आहे, असे कोणताही जबाबदार पथकप्रमुख म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या शोधाचे गणित मांडताना बर्नार्ड कूपमन यांनी जो पाया घातला, तोच येथेही लागू पडतो. समजा, एका भागात माणूस असण्याची शक्यता 40 टक्के आहे आणि तो तेथे असलाच तर एका फेरीत दिसण्याची शक्यता 70 टक्के आहे. फेरी रिकामी गेली तरी त्या भागाची शक्यता शून्य होत नाही, ती सुमारे 17 टक्क्यांवर येते. इतर भागांची शक्यता त्याहून कमी असेल, तर पुन्हा तेथेच जाणे योग्य. तशीच दुसरी फेरी स्वतंत्रपणे झाली, तर माणूस तेथे असल्यास सापडण्याची एकूण शक्यता 91 टक्के होते. पहिल्या फेरीत तो झाडीत बेशुद्ध पडलेला असेल आणि पहाटे शुद्धीवर येऊन शिटीला उत्तर देईल, हेही घडू शकते.

म्हणून शिटी वाजवून झाली की सर्वांनी जागच्या जागी थांबायचे असते, जॅकेटची चेनसुद्धा हलवायची नसते. आल्प्समध्ये रूढ झालेला संकटाचा संकेत मिनिटाला 6 आवाज आणि मग एक मिनिट विराम असा आहे, तर उत्तर मिनिटाला 3 आवाजांचे. पण थकलेल्या माणसाला हा क्रम आठवेलच असे नाही. त्याच्याकडून एखादाच क्षीण आवाज येतो, आणि तो ऐकण्यासाठीच ती शांतता पाळायची असते.