हॉरर गेममधील दूरचालकाच्या हाताला यंत्र जाणवावे का?

परळचा_रातकिडा: खेळाडू सुरक्षित खोलीत बसून दूरचे यंत्र चालवतो, अशा हॉरर गेममध्ये सगळे नियंत्रण एका क्लिकवर आणून ठेवले की भीती पातळ होते, असे माझे मत आहे. माऊसला स्वतःचा अटकाव नसतो, म्हणून तो भासवावा लागतो: कर्सर पुढे गेला तरी लिव्हर मागे रेंगाळावा, मधल्या खाचेत अडावा आणि जोर लावल्यावरच खटकन सुटावा. आपल्या लोकलच्या मोटरमनला हँडल दाबून धरावे लागते, हात सुटला की ब्रेक लागतात. तशीच कळ यंत्राला द्यावी, म्हणजे कॅमेरा बदलायला हात काढणे हीच जोखीम ठरेल.

खारदांडा_७७: मी असहमत आहे. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांत समुद्रतळावरील पाइपलाइन तपासायला आरओव्ही, म्हणजे वरून चालवायची पाण्याखालची यंत्रे, वापरतात, आणि अशा अनेक यंत्रांच्या पोलादी हातांवर पडणारा जोर वर बसलेल्या चालकाच्या हाताला कळतच नाही. पकड बसली की नाही हे त्याला कॅमेऱ्यात पाहून ठरवावे लागते आणि गाळ उसळला की तेही दिसेनासे होते. दूरचालकाची खरी भीती या बधिरपणात आहे. जोर हाताला जाणवावा म्हणून कंट्रोलर थरथरवलात, तर तीच घालवता.

परळचा_रातकिडा: आपला आरओव्हीचा मुद्दा मान्य, पण तो पलीकडच्या टोकाविषयी आहे आणि मी अलीकडच्या टोकाविषयी बोलतो आहे. कन्सोल जड, खरखरीत, हट्टी असावा. तिकडचे यंत्र मुके राहिले तरी चालेल. भिंतीला टेकल्यावर कंपने नकोत, मोटर ओढ घेऊ लागल्याचे फक्त ॲमीटरच्या, म्हणजे वीजप्रवाह मोजणाऱ्या तबकडीच्या, काट्यावरून कळावे, आणि तोही क्षणभर उशिरा.

टंकनप्रेमी: दोघेही लिव्हरमध्येच अडकला आहात. २०१६ च्या 'डस्कर्स' या गेममध्ये ड्रोनना आज्ञा टंकून द्याव्या लागतात, आणि २०२३ च्या 'लीथल कंपनी'मध्ये जहाजावर थांबलेला साथीदार टर्मिनलवर संकेत टंकून इमारतीत शिरलेल्यांसाठी तिथले दार उघडतो. इथे गेममधला कीबोर्ड आणि खेळाडूच्या बोटांखालचा कीबोर्ड एकच असतो, त्यामुळे स्पर्श भासवण्याची गरजच उरत नाही आणि घाईत चुकलेले अक्षर ही खेळाडूची खरी चूक असते. चित्रातला लिव्हर कितीही सुबक असला, तरी तो चित्रातलाच.

खारदांडा_७७: हे मला अधिक पटते. २०१४ च्या 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज'मध्ये तर चाल करून येणाऱ्या यांत्रिक बाहुल्यांना अडवणारी दारे साध्या क्लिकवर बंद होतात. घाम फुटतो तो वीज संपत चालल्यामुळे. त्या दारांना जड लिव्हर लावले असते, तर खेळाडू भिण्याऐवजी वैतागला असता.

परळचा_रातकिडा: तिथे एका रात्रीत दारे वारंवार उघडबंद करावी लागतात, म्हणून क्लिक योग्य आहे. पूर्ण फेरीत एकदाच उघडायच्या झडपेला मात्र मी क्लिक देणार नाही.

मनगट_दुखतंय: दाबून धरायच्या कळेला 'एकदा दाबा, चालू राहील' असा पर्याय सेटिंगमध्ये ठेवा, एवढीच विनंती, सर्वांना बटण तासभर धरवत नाही.

परळचा_रातकिडा: पर्याय जरूर ठेवावा, मात्र त्यातही कॅमेरा बदलताना यंत्र थांबलेच पाहिजे.